देहाची वेदना, हवेचं देणं

उधना जंक्शनवरून जळगावकडे जाणारी गाडी सुटते तेव्हा डब्यात गुजरातीच्या जोडीनं अहिराणीही कानावर पडते. खानदेशातली माणसं ताप्ती व्हॅली लाइननं पिढ्यानपिढ्या सुरतेत आली, उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथं स्थिरावली आणि यंत्रमागांवर, डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत राबू लागली. याच रेल्वेमार्गावर पुढं दोंडाईचा लागतं आणि त्यानंतर अमळनेर. पहिल्या गावानं शस्त्रक्रिया गरिबाच्या खिशात बसवून दाखवली. दुसऱ्या गावात प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. या लेखातला प्रश्न या दोन्ही गावांचा आहे: माणसाची वेदना थांबवण्याचा खर्च कुणी सोसायचा?

यंत्रमागावर काम करणाऱ्याला सुताचे जड बीम उचलावे लागतात. त्याच्या जांघेत गाठ आली, खोकताना ती फुगू लागली, तर डॉक्टर हर्निया म्हणून सांगतात आणि ऑपरेशन सुचवतात. तो ऑपरेशन पुढं ढकलतो. खाडा पडला की पगार बुडतो, आणि ऑपरेशनचा आकडा ऐकून तो गप्प होतो. पोटाच्या भिंतीला आतून आधार द्यायला जी जाळी बसवतात, ती एकेकाळी परदेशातून यायची आणि ग्रामीण रुग्णाला परवडायची नाही. दोंडाईचाचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं, ते निर्जंतुक करून हर्नियाच्या शस्त्रक्रियेत वापरलं आणि सहकाऱ्यांसोबत त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात मांडले. हजारोंची वस्तू काही रुपयांवर आली. पुढं युगांडात 302 पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांच्या परिणामांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानं सांगितलं.

जाळीचा प्रश्न असा सुटला. पण जाळी बसवण्याआधी माणसाला वेदना होणार नाही याची व्यवस्था करावी लागते. ती व्यवस्था म्हणजे भूल. तिची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. एक रुग्णालयाच्या बिलात, आणि दुसरी अशा ठिकाणी जिथं कुणी बिल फाडत नाही.

पूर्ण भूल देताना रुग्ण जी औषधी वाफ श्वासातून घेतो, तिच्यातली फार थोडी शरीरात विघटित होते. सेव्होफ्लुरेनच्या बाबतीत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतं, आयसोफ्लुरेनच्या बाबतीत एक टक्क्याहूनही कमी आणि डेसफ्लुरेनच्या बाबतीत जवळजवळ शून्य. बाकीची सगळी वाफ उच्छ्वासावाटे यंत्रात परत येते आणि ऑपरेशन थिएटरबाहेर नेलेल्या नळीतून आकाशात जाते. तिथं गेल्यावर ती उष्णता धरून ठेवते. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो डेसफ्लुरेनची तापवण्याची क्षमता सुमारे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. आयसोफ्लुरेनची पाचशेच्या आसपास असते, सेव्होफ्लुरेनची त्याहून बरीच कमी. निळ्या सिलिंडरमधून येणारा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे जुना ‘लाफिंग गॅस’, वजनाला कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट भारी पडतो, शंभरहून अधिक वर्षं वातावरणात राहतो आणि शिवाय ओझोनच्या थराला इजा करतो.

एका रुग्णाची तासाभराची वेदना थांबवण्यासाठी सोडलेला हा वायू त्याच्या नातवंडांच्याही आयुष्यात आकाशात असेल. हे ऐकून कुणी म्हणेल, की जगाच्या एकूण प्रदूषणात भुलीच्या वायूंचा वाटा तो केवढा! वाटा लहान आहे हे खरंच. सगळं आरोग्यक्षेत्र मिळून जगाच्या उत्सर्जनात साडेचार टक्क्यांच्या आसपास भर घालतं, आणि भुलीचे वायू हा त्यातला एक तुकडा. पण तत्त्वाचा प्रश्न आकड्याच्या आकारावर ठरत नाही. दुसऱ्याचं दुःख दूर करणं हेच ज्या कामाचं प्रयोजन, त्या कामानं तिसऱ्याच्या वाट्याला दुःख यावं का, आणि आलंच तर किती येऊ द्यावं, हे ठरवावंच लागतं.

भुलीला धार्मिक प्रश्न नवे नाहीत. बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथर देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे जाहीरपणे दाखवलं आणि पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. त्याच 1847 साली एडिंबरोत जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली. बाळंतपणाच्या कळा हा देवानं स्त्रीला दिलेला भोग, तो टाळणं हे पाप, असा आक्षेप येईल हे ओळखून त्यांनी धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिकाच लिहिली. आदमाची बरगडी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोपवलं होतं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. त्यानंतर एका शतकानं, 24 फेब्रुवारी 1957 रोजी, पोप पायस बारावे यांनी इटलीतल्या भूलतज्ज्ञांपुढं बोलताना वेदना शमवणं धर्माला मंजूर असल्याचं स्पष्ट केलं.

आपल्याकडे या वादाला इतकी धार कधी आली नाही. शस्त्रकर्माआधी रुग्णाला मद्य द्यावं, म्हणजे त्याला शस्त्राची जाणीव होणार नाही, असा सल्ला सुश्रुतसंहितेतच आहे. भोग म्हणजे प्रारब्ध, असं मानणाऱ्या घरांतही दाढ दुखू लागली की वैद्याकडे धाव घेतली जाई. प्रारब्धाचा सिद्धांत सांगणाऱ्यानंही शेजाऱ्याच्या कळा थांबवू नयेत असं कधी म्हटलं नाही. वेदना शमवणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न मिटला आहे. आता उरलेला प्रश्न, करुणेचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो हा, वेगळा आहे आणि त्याचं एक जुनं उदाहरण सुरतेतच सापडतं.

इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन 1689 च्या सुमारास सुरतेत होता. 1696 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेजवळच्या प्राण्यांच्या रुग्णालयाचं वर्णन आहे. म्हाताऱ्या गाई, घोडे, शेळ्या, कुत्री यांना तिथं मरेपर्यंत सांभाळत. सुरतेच्या पांजरापोळीची परंपरा तिथवर मागं जाते, आणि परक्या प्रवाशांनाही त्या करुणेचं अप्रूप वाटलं. पण ओव्हिंग्टननं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. ढेकूण-पिसवांसारख्या जिवांसाठीही तिथं जागा होती, आणि त्यांना अन्न मिळावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर त्या खाटेवर निजवलं जाई. चावे सोसवेनात म्हणून तो मध्येच पळून जाऊ नये यासाठी त्याला खाटेला बांधून ठेवत.

परक्या प्रवाशाच्या एका नोंदीवरून अख्ख्या परंपरेचा न्याय करता येत नाही. त्या काळचे युरोपीय प्रवासी ऐकीव गोष्टीही लिहीत. तरीही या नोंदीतला प्रसंग विचार करणाऱ्याला सोडत नाही. करुणा खरी होती, तिचा हेतू शुद्ध होता, आणि तिचा खर्च खाटेवर बांधलेल्या माणसाच्या अंगावर पडत होता. पैसे घेऊन तो तयार झाला होता, म्हणून प्रश्न संपतो का? त्याला दुसरं काम मिळत असतं तर तो त्या खाटेवर निजला असता का?

भुलीच्या बाबतीत हाच खर्च दोन प्रकारच्या माणसांवर पडू शकतो. वायू बेफिकिरीनं सोडला तर तो उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बारा तासांची पाळी करणाऱ्यावर पडतो, कारण वाढत्या उष्म्यापासून पळायला त्याच्याकडे वातानुकूलित खोली नसते. उलट, पर्यावरणाच्या नावाखाली भूल महाग किंवा दुर्मीळ झाली तर तोच माणूस वेदना सोसत घरी बसतो. दोन्हीकडे खाट त्याचीच.

यातून वाट काढायला जैन विचारातली एक कसोटी कामी येते. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांनाही जैन दर्शन एकेंद्रिय जीव मानतं. हवासुद्धा जिवंत असेल तर श्वास घेणंही हिंसाच ठरेल, मग जगायचं कसं, असा प्रश्न त्या परंपरेनं स्वतःलाच विचारला. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यभागी ठेवलं. जगण्यासाठी अटळ असलेली इजा आणि निष्काळजीपणामुळं झालेली इजा यांचा दर्जा एक नव्हे. बौद्ध विचार कर्माचं मूळ हेतूत शोधतो. त्या मापानं भूलतज्ज्ञ निर्दोष ठरतो, कारण त्याचा हेतू वेदना थांबवण्याचाच असतो. जैन माप अधिक कडक आहे. हेतू चांगला होता एवढ्यानं ते थांबत नाही. तू सावध होतास का, असं ते पुढं विचारतं.

ही कसोटी थिएटरमध्ये नेऊन पाहावी. भूल देण्याच्या बॉईल्स मशीनवर काचेच्या उभ्या नळ्या असतात. त्यांतला छोटा बॉबिन वायूच्या झोतावर तरंगत फिरतो आणि मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन, किती नायट्रस चाललं आहे ते दाखवतो. शेजारी औषधाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरची डायल असते. प्रौढ माणसाचं शरीर भुलीखाली मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतं. तरीही अनेक ठिकाणी सुरुवातीला लावलेला पाच-सहा लिटरचा प्रवाह ऑपरेशन संपेपर्यंत तसाच चालू राहतो. जास्तीचा वायू आणि त्यात मिसळलेली महाग वाफ रुग्णाच्या काहीच कामी न येता बाहेर जाते. दात घासताना नळ सोडून ठेवावा, तसं हे. तोच बॉबिन एक लिटरवर किंवा त्याखाली आणला, तर उच्छ्वासातली वाफ यंत्रात पुन्हा फिरते, सोडालाइमचे दाणे तिच्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि औषधाचा खप कित्येक पटींनी घटतो. रुग्णाची झोप तेवढीच गाढ राहते. पैसे वाचतात आणि आकाशही वाचतं.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट याहून बोलकी आहे. मोठ्या रुग्णालयांत तो मॅनिफोल्ड रूममधल्या सिलिंडरांतून भिंतीतल्या पाइपांवाटे थिएटरपर्यंत येतो. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांनी विकत घेतलेला वायू आणि रुग्णांना प्रत्यक्ष दिलेला वायू यांचा ताळा मांडला, तेव्हा बहुतांश वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता, तो जुनाट पाइपलाइनच्या सांध्यांतून गळत होता. यात कुणाचीही वेदना थांबली नाही. कुणाला त्याचा मोहही नव्हता. ताळा मांडावा असं इतकी वर्षं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच. प्रमादाचं याहून नेमकं उदाहरण मिळणं कठीण.

डेसफ्लुरेनचं प्रकरण निवडीचं आहे. हे औषध साधारण 23 अंशांना उकळतं, म्हणून त्याला विजेवर तापणारा खास व्हेपोरायझर लागतो. रुग्ण त्यानं थोडा लवकर शुद्धीवर येतो. काही मोजक्या रुग्णांत याचा उपयोग असेल, पण बहुतेक शस्त्रक्रियांत सेव्होफ्लुरेन तेच काम करतं. स्कॉटलंडनं 2023 मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं पुढच्या वर्षी तोच मार्ग धरला, आणि युरोपीय संघानं 1 जानेवारी 2026 पासून वैद्यकीय गरज सिद्ध केल्याशिवाय ते वापरायला मनाई केली. श्रीमंत देशांनी आपला प्रमाद ओळखला, हे चांगलंच झालं. आता तीच महाग वस्तू प्रतिष्ठेची खूण म्हणून आपल्या शहरांतल्या रुग्णालयांत मूळ धरू नये, एवढी काळजी आपण घ्यायची आहे.

इथवरचा हिशेब सोपा आहे, कारण स्वस्त आणि स्वच्छ हे दोन्ही एकाच दिशेला आहेत. खरा तत्त्वाचा पेच गरिबीत लागतो. लॅन्सेटच्या आयोगानं 2015 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातल्या 5 अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही. ही उणीव भरून काढायची तर दरवर्षी 14 कोटींहून अधिक जादा शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. या शस्त्रक्रिया झाल्या तर उत्सर्जन वाढेल. म्हणून त्या होऊ नयेत, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. ज्यांनी शंभर वर्षं भूल भोगली त्यांनी आता हात आखडायला शिकावं. ज्यांच्या वाट्याला ती आलीच नाही, त्यांच्याकडून त्याग मागणं म्हणजे पुन्हा त्याच माणसाला खाटेला बांधणं. अपरिग्रहाचं व्रत संग्रह करणाऱ्यासाठी असतं, उपाशी माणसासाठी नसतं.

या बाबतीत महात्मा गांधींचं उदाहरण आठवावं असं आहे. ‘हिंद स्वराज’मध्ये 1909 साली त्यांनी डॉक्टरी विद्येवर आणि इस्पितळांवर कठोर टीका केली होती. 12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणलेलं होतं. अपेंडिक्स सुजलं होतं, थांबायला वेळ नव्हता. कर्नल मॅडॉक यांनी क्लोरोफॉर्मखाली शस्त्रक्रिया सुरू केली, मध्येच वीज गेली, हातातल्या टॉर्चचा बल्बही उडाला आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. यंत्रयुगाबद्दलची गांधींची तत्त्वं त्या रात्रीनंतर खोटी ठरली नाहीत. पण ज्या देहात कळ उठते त्या देहाचा हक्क आधी येतो, हे त्यांनी संमती देऊन मान्य केलं. वीज गेली तरी भूल चालू राहिली, हीदेखील त्या रात्रीची एक वैद्यकीय नोंद आहे. क्लोरोफॉर्म स्वतः धोक्याचं औषध होतं आणि कालांतरानं ते मागं पडलं, पण साध्या साधनांवर चालणारी भूल किती मोलाची असते हे त्या प्रसंगात दिसतं.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, भामरागडच्या जंगलातल्या हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1970 च्या दशकात पोचले तेव्हा तिथं वीज नव्हती. मंदाकिनीताईंचं शिक्षण भूलशास्त्रातलं. मेडिकल कॉलेजातली यंत्रं, सिलिंडर, पाइपलाइन यांतलं काहीच जवळ नसताना त्या माडिया आदिवासी रुग्णांच्या सेवेत उभ्या राहिल्या. अशा जागी काम करणाऱ्यांसाठी जगभरात साधी साधनं घडत आली आहेत. ऑक्सफर्डच्या एप्स्टाइन आणि मॅकिंटॉश यांनी घडवलेला ईएमओ व्हेपोरायझर सिलिंडर आणि वीज दोन्हींशिवाय, खोलीतल्या हवेवर ईथर देत असे. 1962 मध्ये तयार झालेलं केटामाइन शिरेतून दिलं की रुग्णाला वेदना जाणवत नाही आणि त्याचा श्वास सहसा चालू राहतो. वीज नसलेल्या दवाखान्यात कित्येकदा तोच एक आधार असतो.

त्याच केटामाइनचा नशेसाठी गैरवापर होतो म्हणून 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आणण्याचा प्रस्ताव आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं विरोध केला, कारण निर्बंध आले असते तर गरीब देशांतल्या शस्त्रक्रियाच अडल्या असत्या. भारतात 2013 पासून केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे ते ठेवायचं तर वेगळा परवाना आणि काटेकोर नोंदी आल्या. गैरवापर रोखायलाच हवा. पण शहरातल्या पार्टीतला गुन्हा थांबवताना तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाईला भूल मिळेनाशी होऊ नये, हे नियम करणाऱ्यानं मोजायला हवं. सावधपणा म्हणजे नुसती बंदी नव्हे.

उधन्याच्या त्या यंत्रमाग कामगारासाठी यातलं बहुतेक काही लागतच नाही. त्याला टेबलावर बसवतात, उशी छातीशी धरून पाठ पुढं वाकवायला सांगतात. भूलतज्ज्ञ बोटानं दोन मणक्यांमधली फट शोधतो, औषधानं पुसलेल्या त्या जागी 25 नंबरची बारीक सुई जाते आणि सुईच्या टोकाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब दिसला की जागा बरोबर असल्याची खात्री होते. तीन मिलिलिटरच्या आसपास ब्युपिव्हाकेन आत जातं. काही मिनिटांत तळपाय कोमट वाटू लागतात, मग जड होतात, मग उचलतच नाहीत. रुग्ण जागाच असतो. नर्सशी बोलतो, पंख्याचा आवाज ऐकतो, पण कमरेखालचं काही त्याला दुखत नाही. कमरेतली ही भूल 1898 पासून वापरात आहे. तिचं औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि तिच्यातून एक कणही वाफ आकाशात जात नाही. हर्नियाचं ऑपरेशन तर काही रुग्णांत नुसती तेवढी जागा बधीर करूनही होतं.

मग सगळ्यांना कमरेतच भूल द्यावी का? इतकं सरळ उत्तर शास्त्र देत नाही. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांचा ऑस्ट्रेलियात 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असं दाखवतो, की तिथं पूर्ण भूल आणि कमरेतली भूल यांचा कार्बनचा बोजा जवळपास सारखाच निघाला. कमरेत भूल दिलेल्या रुग्णांना ऑक्सिजनचा मोठा प्रवाह लावलेला होता, आणि निर्जंतुक गाऊन, चादरी, एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक यांचाच बोजा मोठा झाला होता. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफोलमध्ये वाफ नसते, पण फोडलेल्या कुपीतलं उरलेलं औषध फेकलं जातं आणि ते नीट जाळलं नाही तर पाण्यात टिकून राहतं. हॅलोथेन ही भुलीची वाफ स्वस्त, पण ओझोनला घातक. आणि कमी प्रवाहाची भूल सुरक्षितपणे द्यायची तर ऑक्सिजन आणि वाफ यांचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर लागतो. तो जिथं नाही, तिथल्या भूलतज्ज्ञानं प्रवाह मोठा ठेवला तर तो प्रमाद नाही, ती रुग्णाची काळजी आहे. तिथं दोष मॉनिटर न पुरवणाऱ्या व्यवस्थेकडे जातो.

एखादं औषध पवित्र आणि एखादं अपवित्र, अशी यादी करून म्हणूनच भागत नाही. गीतासुद्धा कोणतंही कर्म निखळ निर्दोष असतं असं सांगत नाही. या रुग्णाला, या जागी, हाताशी असलेल्या साधनांत, कमीत कमी इजा करून पूर्ण वेदनामुक्ती कशी देता येईल, हा विचार दर वेळी नव्यानं करावा लागतो. त्यात ‘पूर्ण वेदनामुक्ती’ हे शब्द वाटाघाटीत घालायचे नाहीत.

असं करता येतं याचा पुरावा भारतातच आहे. तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या एका शस्त्रक्रियेचा कार्बनचा बोजा ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे 5 टक्के भरला. डोळ्यापुरती भूल, उपकरणांचा नीट निर्जंतुक करून पुनर्वापर आणि अनावश्यक फेकाफेकीला फाटा, ही त्याची कारणं होती. जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. गरिबांसाठी स्वस्त करायला निघालेल्यांनी वाटेत आकाशाचंही देणं कमी केलं. टोणगावकरांच्या मच्छरदाणीमागची आणि अरविंदच्या थिएटरमागची वृत्ती एकच: रुग्णाला खरोखर लागतं काय आणि सवयीनं जमा होतं काय, हे बारकाईनं वेगळं करायचं.

हीच वृत्ती सुरक्षिततेच्या कामातही दिसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी ज्यांच्या घराण्याचं नातं आहे ते अमेरिकी शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेतल्या सुरक्षिततेची तपासयादी बनवण्याच्या कामाचं नेतृत्व केलं, आणि 2011 मध्ये सुरू झालेल्या लाइफबॉक्स या संस्थेतून गरीब देशांतल्या थिएटरांना स्वस्त आणि टणक पल्स ऑक्सिमीटर पोचवायला सुरुवात झाली. भुलीखाली रुग्णाचा ऑक्सिजन घसरतो आहे हे बोटावरचा चिमटा वेळेत सांगतो. कागदाचं एक पान आणि एक चिमटा, इतक्या साध्या गोष्टींनी जीव वाचतात.

सुरतेत या विचाराला आत्ताच जागा आहे. शहर पसरतं आहे, नवी रुग्णालयं उभी राहत आहेत आणि जुनी वाढवली जात आहेत. इमारत बांधताना भिंतीत नायट्रसची पाइपलाइन घातली की ती पुढची कित्येक दशकं गळत राहू शकते. ती घातलीच नाही आणि गरजेपुरतं छोटं सिलिंडर यंत्राला लावलं, तर खर्च आणि गळती दोन्ही सुरुवातीलाच टळतात. यंत्र घेताना वाफेचा मॉनिटर त्याच निविदेत मागता येतो. आयुष्मान योजनेतल्या पॅकेजमध्ये भुलीचा खर्च ठरलेल्या रकमेत धरलेला असतो, त्यामुळं वाया गेलेल्या वाफेचे पैसे रुग्णालयाच्याच खिशातून जातात. प्रवाह कमी ठेवायला याहून सरळ कारण व्यवस्थापनाला दुसरं नको. सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भुलीचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण चालवलं आहे. त्यात कमरेतली भूल आणि केटामाइन यांच्या जोडीला वायूचा हिशेब ठेवण्याचाही एक धडा असायला हवा.

आणि या सगळ्यात ज्याचं ऑपरेशन आहे त्याला विचारलं गेलं पाहिजे. कमरेत भूल द्यायची की पूर्ण, जागं राहिल्यानं भीती वाटेल का, नंतर डोकं दुखण्याची शक्यता किती, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायला हवं. उधन्यात ती भाषा कित्येकदा मराठी असते, कित्येकदा अहिराणी, उडिया किंवा भोजपुरी असते. सुरतेच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत संमतीपत्राचा कागद त्याच्यासमोर ठेवण्याआधी त्याची बोली जाणणारं कुणी तरी पाच मिनिटं त्याच्यापाशी बसलं, तर निर्णय त्याचा होईल. खर्चाचा वाटा कुणी उचलायचा हे ठरवताना त्याचं मतही मग हिशेबात धरलं जाईल.